तुपाची वाटी आणि घरचा कुत्रा

संत नामदेवांच्या चरित्रातील एक कथा महाराष्ट्रात लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. एका कुत्र्याने कोरडी पोळी तोंडात धरून पळ काढला. तेव्हा त्या मुक्या जिवाने ती कोरडीच खाऊ नये म्हणून नामदेव हाती तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. पंढरीच्या वाटेवर ही कथा कीर्तनांतून अजूनही सांगितली जाते, आणि तुकोबांच्या पालखीची ती वाट बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्याच गावांवरून जाते. त्यामुळे जनावराच्या घासावर तूप घालणे ह्यास आमच्याकडे कोणी उधळपट्टी म्हणत नाही, पुण्य म्हणतात.

ह्या पुण्याविरुद्ध बोलण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु कथेतील एक गोष्ट आपण विसरतो. तो कुत्रा उपाशी भटकणारा होता. हातची पोळी संपल्यावर पुढची केव्हा मिळेल, ह्याची त्यास शाश्वती नव्हती. आपल्या घरातील कुत्रा मात्र सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत प्रत्येक घासाचा वाटेकरी असतो. आणि तुपाची वाटी घेऊन त्याच्या पाठीमागे लागणारे नामदेव घरात एक नसून पाच-सहा असतात. मग दोन-तीन वर्षांत त्या कुत्र्याची कंबर नाहीशी होते, जिना चढताना त्यास धाप लागते, आणि पाहुणे कौतुकाने म्हणतात, 'काय बाळसे धरले आहे!' हे बाळसे नव्हे, हा रोग आहे, आणि तो औषधाच्या बाटलीने नव्हे तर घरातील सर्वांनी मिळून हिशेब ठेवल्यानेच बरा होतो, एवढाच मुद्दा आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आमच्या भागात हा प्रश्न पूर्वी नव्हता. आजही मेंढरांबरोबर कोकणात उतरणारा आणि पावसाळ्याच्या तोंडी परत घाटावर येणारा धनगराचा कुत्रा पाहा. भाकरीचा चतकोर आणि दिवसभराची पायपीट, ह्यांवर त्याचे शरीर वेताच्या छडीसारखे राहते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, पुढे ऊस आला, माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले, दुधाचा धंदा वाढला, आणि घरोघर सुबत्ता आली. बारामतीच्या नव्या वसाहतींत, वालचंदनगरात, इंदापुरात कुंपणाच्या आत राहणारे लॅब्रॅडॉर, पग आणि आपण ज्यास सरसकट पामेरियन म्हणतो ते पांढरे स्पिट्झ दिसू लागले. ह्या कुत्र्यांना राखणीचे काम फारसे नाही, चालणे थोडे, आणि दूध, साखर, तूप मुबलक. वजन वाढण्यास आणखी काय पाहिजे?

कोणी म्हणेल, 'वाढले थोडे वजन, तर बिघडले काय?' ह्याचे उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ प्रयोगाने दिले आहे. लॅब्रॅडॉर जातीच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एकास जेवढे अन्न मिळे, त्याहून पाव हिस्सा कमी अन्न दुसऱ्यास देण्यात आले. बाकी सर्व व्यवस्था सारखीच. हा क्रम त्या कुत्र्यांच्या मरणापर्यंत चालविला. अधिक खाणाऱ्या गटातील निम्मी कुत्री ११.२ वर्षांच्या आत मेली. कमी खाणाऱ्या गटात तीच मर्यादा १३ वर्षांपर्यंत गेली. म्हणजे पावणेदोन वर्षांहून अधिक आयुष्य नुसत्या मोजून घातलेल्या अन्नाने लाभले. इतकेच नव्हे, तर सांधेदुखीवर औषध देण्याची वेळही कमी खाणाऱ्या कुत्र्यांवर बरीच उशिरा आली. आणि हे लक्षात घ्या की, अधिक खाणारी कुत्री काही राक्षसी लठ्ठ नव्हती. आपल्याकडे ज्यांस 'अंगाने भरलेली' म्हणतात, तशीच बहुतेक होती. ज्याचे सारे आयुष्यच बारा-तेरा वर्षांचे, त्याची दोन वर्षे म्हणजे केवढा हिस्सा, हे त्रैराशिक प्रत्येकाने मांडून पाहावे.

ह्याखेरीज आमच्या हवेचा प्रश्न आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. कुत्र्यास मनुष्याप्रमाणे सर्वांगास घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हेच त्याचे शरीर थंड करण्याचे मुख्य साधन. कातडीखाली चरबीचा थर साचला म्हणजे उष्णता आत कोंडते, आणि छातीभोवतीच्या चरबीमुळे धापा टाकणेही कठीण होते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यास तर हा दुहेरी फास आहे. शिवाय तुपकट व तळकट अन्न एकाएकी पोटात गेले, तर स्वादुपिंडास सूज येऊन कुत्रा जिवावर बेततो इतका आजारी पडू शकतो. दिवाळीच्या फराळानंतर ओकाऱ्या करणारा, पाठ वाकवून कण्हणारा कुत्रा दिसला, तर 'अपचन झाले असेल' म्हणून स्वस्थ बसू नये. तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

आता आपला कुत्रा लठ्ठ आहे की नाही, हे ओळखावे कसे? रोज डोळ्यांपुढे असलेल्या प्राण्याचा फुगवटा डोळ्यांस दिसत नाही. म्हणून हाताने तपासावे. पशुवैद्य ह्यासाठी एक ते नऊ अंकांची श्रेणी वापरतात. एक म्हणजे हाडांचा सापळा, नऊ म्हणजे अतिस्थूल. चार व पाच हे निरोगी अंक. घरी करावयाची चाचणी अशी: प्रथम आपल्या एका हाताचा पंजा उघडा ठेवून त्याच्या पाठीवरून, बोटांच्या हाडांवरून, दुसऱ्या हाताची बोटे हलकेच फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या अशाच लागल्या, तर ठीक. मूठ वळून तिच्या उंचवट्यांवरून बोटे फिरविल्यासारखे वाटले, तर कुत्रा रोड आहे. आणि तळहातावरून, अंगठ्याखालच्या गादीवरून हात फिरविल्यासारखे वाटून बरगडी शोधावी लागली, तर चरबी वाढली आहे. मग कुत्र्यास उभा करून वरून पाहा: बरगड्यांमागे कमरेचा खळगा दिसला पाहिजे. बाजूने पाहा: पोट मागील पायांकडे वर चढत गेले पाहिजे. केसाळ स्पिट्झच्या बाबतीत डोळ्यांवर मुळीच विसंबू नये, केसांत हात घालून पाहावे. उलट, आपल्या दख्खनचा कारवानी कुत्रा जातीनेच सडपातळ. त्याच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसतात म्हणून त्यास खुराक चढवू नये.

लठ्ठपणा दिसला म्हणजे लगेच अन्न कापावयास लागावे, असेही नाही. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्याने वजन वाढते. काही विकारांत पोटात पाणी साठते किंवा पोट सुटते. काही औषधांनी भूक अनावर होते. म्हणून आरंभी एकदा पशुवैद्यास दाखवून घ्यावे. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि फार दूर नाही अशा शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पिल्ले, गाभण व दूध पाजणाऱ्या कुत्र्या ह्यांना आज सांगितलेले काहीही लागू करू नये. नसबंदी केलेल्या कुत्र्याची अन्नाची गरज मात्र पूर्वीपेक्षा बरीच कमी होते, आणि भूक वाढते. तेव्हा शस्त्रक्रियेनंतरही जुन्याच मापाने जेवण घालणे हे लठ्ठपणाचे एक नेहमीचे कारण आहे.

आता हिशेबाकडे वळू. अन्नातील शक्ती ज्या मापाने मोजतात त्यास आपण उष्मांक म्हणतो. खाद्याच्या पुडक्यावर 'किलोकॅलरी' असे छापलेले असते ते हेच. वजन उतरविताना कुत्र्यास रोज किती उष्मांक द्यावेत, ह्याचा पहिला अंदाज काढण्याची रीत शाळेतील मुलासही जमेल अशी आहे. कुत्र्याचे आजचे वजन घ्यावयाचे नाही. त्याचे निरोगी वजन जितके असावयास पाहिजे, तो आकडा पशुवैद्यास विचारून घ्यावयाचा. त्या आकड्याचा घन करावा, घनाचे वर्गमूळ काढावे, आलेल्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढावे, आणि त्यास ७० ने गुणावे.

उदाहरण घेऊ. एक लॅब्रॅडॉर ३६ किलोंचा झाला आहे. तो ३० किलोंचा असावयास पाहिजे. ३० चा घन २७,०००. त्याचे वर्गमूळ सुमारे १६४.३, आणि पुन्हा वर्गमूळ सुमारे १२.८. त्यास ७० ने गुणले म्हणजे जवळजवळ ९०० उष्मांक झाले. हा त्याचा दिवसाचा सर्व शिधा. दुसरे उदाहरण लहान स्पिट्झचे. त्याचे योग्य वजन ७ किलो धरले, तर ह्याच रीतीने सुमारे ३०० उष्मांक येतात.

आता घरात प्रत्यक्षात काय चालते ते पाहा. सकाळी चहाच्या वेळी आजोबा दोन ग्लुकोज बिस्किटे टाकतात; 'माझ्याकडेही बघतोय गं' म्हणून आजी दोन टाकतात; संध्याकाळी नातू दोन देतो. पाच ग्रॅमच्या एका बिस्किटात बावीस-तेवीस उष्मांक असतात. सहांचे झाले सुमारे १३५. दुपारी एक चपाती तिच्यावर चमचाभर तूप घालून दिली जाते: चपातीचे १०० आणि तुपाचे ४५, मिळून १४५. रात्री म्हशीचे दूध, दीडशे मिलिलिटरची एक वाटी: आणखी १५० च्या आसपास. एकूण बेरीज ४३०. म्हणजे ज्याचा दिवसाचा शिधा ९०० चा, त्याने निम्म्याच्या जवळपास शिधा 'काही खाल्लेच नाही' अशा सदरात संपविला; आणि त्याचे दोन वेळचे जेवण अजून व्हावयाचेच आहे! लहान स्पिट्झच्या बाबतीत तर ती एक तुपाची चपातीच अर्ध्या दिवसाचे अन्न होते. आपण अर्धे ताट भरून जेवलो असता कोणी त्यास 'एक घास' म्हणेल काय?

गंमत अशी की, ह्या घरातील प्रत्येक मनुष्य खरे बोलत असतो. आजोबा म्हणतात, 'मी तर फक्त दोन बिस्किटे देतो.' सूनबाई म्हणतात, 'मी एकच पोळी घालते.' कोणीही अतिरेक करीत नाही. अतिरेक बेरजेत होतो, आणि बेरीज करणारा घरात कोणी नसतो. म्हणून पहिला उपाय खाद्य बदलण्याचा नव्हे, खाते उघडण्याचा. एक आठवडा काहीही न बदलता, कुत्र्याच्या तोंडी जे जे जाते ते ते स्वयंपाकघरातील एका कागदावर लिहावे. लिहिणाऱ्यास कोणी रागावू नये, नाहीतर नोंदी खोट्या होतात. आठवड्याच्या शेवटी तो कागद सर्वांनी मिळून वाचावा. बहुतेक घरांत एवढ्याने अर्धे काम होते.

त्यानंतरचे नियम थोडेच आहेत. पहिला: जेवण एकाच व्यक्तीच्या हाताने, ठरलेल्या दोन वेळांना, आणि मापाने. माप म्हणजे 'मूठभर' किंवा 'वाटीभर' नव्हे. मुठी आणि वाट्या घरागणिक बदलतात. स्वयंपाकघरातील लहान वजनकाटा वापरावा. दुसरा नियम: खाऊ दिवसाच्या शिध्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक असू नये, आणि तो शिध्यातूनच वजा व्हावा, वरकड नव्हे. आपल्या लॅब्रॅडॉरला म्हणजे ९० उष्मांकांचा खाऊ आणि ८१० उष्मांकांचे जेवण. त्याच्या कोरड्या खाद्याच्या पुडक्यावर १०० ग्रॅमला ३६० उष्मांक असे छापले असेल, तर त्यास दिवसाला २२५ ग्रॅम खाद्य पुरते. स्पिट्झचा खाऊ ३० उष्मांकांचा: फार तर एक बिस्कीट. तिसरा नियम: दिवसभराचा खाऊ सकाळीच एका डबीत काढून ठेवावा. आजोबा, आजी, नातवंडे, सर्वांनी त्याच डबीतून द्यावा. डबी रिकामी झाली की त्या दिवशीचा खाऊ संपला. घरातील कोणालाही प्रेम करण्यास मनाई नाही. मनाई आहे ती दुसरी डबी उघडण्यास.

डबीत काय असावे? बिस्किटाच्या शंभर ग्रॅमांत साडेचारशेच्या आसपास उष्मांक असतात. गाजराच्या शंभर ग्रॅमांत चाळीसच्या आसपास, आणि काकडीच्या शंभर ग्रॅमांत पंधराच्या आसपास. तेव्हा गाजराच्या पातळ चकत्या, काकडीच्या फोडी, वाफविलेला घेवडा, उकडलेला दुधी किंवा लाल भोपळा हा उत्तम खाऊ होय. काकडी व दुधी कडू नाहीत ना, हे आधी स्वतः चाखून पाहावे. बिस्कीटच द्यावयाचे असेल तर त्याचे आठ तुकडे करावेत. कुत्र्यास तुकड्याचा आकार मोजता येत नाही. आपण हाक मारली, हातातून दिले, ह्याचा आनंद त्यास असतो. चार वेळा चार बिस्किटे देण्याऐवजी आठ वेळा एका बिस्किटाचे तुकडे दिले, तर कुत्रा अधिक संतुष्ट होतो आणि आजोबाही.

मुख्य जेवणाविषयी दोन शब्द. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, सबब त्यास भाकरी-पोळी विषासमान, असे अलीकडे काहीजण सांगतात. ते खरे नव्हे. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी असे दाखविले की, पिठूळ पदार्थ पचविणारा पाचकरस निर्माण करणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याहून कितीतरी अधिक असतात. मनुष्याच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे राहिल्याने त्याचे पोट आपल्या भाकरीला सरावले आहे. परंतु भाकरी पचते ह्याचा अर्थ भाकरी पुरते असा नाही. वजन उतरविताना नुसते दूध-चपातीचे प्रमाण घटविले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून पोळी-भात कमी करून त्या जागी प्रथिने व भाज्या वाढवाव्यात: उकडलेले अंडे, कातडी काढून उकडलेली कोंबडी, काटे नीट काढलेला उजनीचा शिजवलेला मासा. शाकाहारी घरात फोडणी न दिलेले, मीठ-मसाला न घातलेले मऊ वरण आणि साय काढलेल्या दुधाचे थोडे दही चालते. मात्र केवळ घरच्या अन्नात कॅल्शियमादी द्रव्ये उणी पडतात, तेव्हा त्याची भरपाई पशुवैद्यास विचारूनच करावी. वजन उतरविण्यासाठी खास तयार केलेले, प्रथिने व तंतू अधिक असलेले खाद्यही बाजारात मिळते; वजन बरेच उतरवावयाचे असल्यास तेच अधिक सुरक्षित.

खाऊच्या नावाखाली काही पदार्थ मात्र चुकूनही देऊ नयेत. आमच्या इंदापूर-बारामतीकडे द्राक्षांचे मळे आहेत, आणि द्राक्षांच्या हंगामात घरात पेट्या येऊन पडतात. द्राक्षे, बेदाणे व मनुका ह्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यांतील टार्टारिक आम्ल हे त्याचे कारण असावे, असे अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ साली मांडले. आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. तेव्हा चिंचेची आमटी कालवून घातलेला भातही कुत्र्यास नको. कांदा व लसूण ह्यांनी रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. चॉकलेट वर्ज्य. आणि मधुमेह्यांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्यांत किंवा मिठाईत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असेल, तर तो मनुष्यास निरुपद्रवी असला तरी कुत्र्यास प्राणघातक आहे. 'साखर नाही, म्हणजे कुत्र्यास चालेल' असा तर्क कोणी करू नये. गुऱ्हाळातील गूळ विषारी नाही खरा, पण तो साखरच. त्यास 'घरचा आहे' म्हणून सूट नाही.

एवढे सर्व ठरविल्यावर खरी परीक्षा येते ती जेवणाच्या पंक्तीत. कुत्रा पाटाशेजारी बसतो आणि वर पाहतो. त्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या करारी माणसांचे निश्चय ढासळतात. चाणक्यनीतीत कुत्र्यापासून शिकण्याजोगे सहा गुण सांगितले आहेत. पुष्कळ खाण्याची ताकद असूनही थोडक्यात समाधान मानणे हा त्यांतला एक. परंतु लॅब्रॅडॉर जातीत हा गुण पुष्कळदा आढळत नाही, आणि त्याचे कारण आता कळले आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखविले की, ह्या जातीतील सुमारे चौथा हिस्सा कुत्र्यांत भूक शमल्याची जाणीव देणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. २०२४ साली त्यांनी पुढे असेही दाखविले की, अशा कुत्र्यांस दोन जेवणांच्या मधल्या वेळात अधिक भूक लागते आणि विश्रांतीच्या वेळी त्यांच्या शरीरात शक्तीही सुमारे पाव हिश्शाने कमी खर्च होते. ह्यावरून दोन बोध घ्यावेत. कुत्र्यास हावरट म्हणून शिव्या देऊ नयेत. तो बिचारा आपल्या रक्ताच्या आज्ञेने मागतो. आणि त्याचे डोळे हे उपासमारीचे प्रमाणपत्रही समजू नये. पोट भरल्यावरही ते तसेच पाहतात. जेवणाच्या वेळी त्यास दुसऱ्या खोलीत ठेवणे, त्याचे जेवण आपल्या आधी उरकणे, हा उभयतांवर उपकार आहे.

भूक थोडी फसविताही येते. ताटलीत एकदम घातलेले खाद्य दोन मिनिटांत संपते. तेच जाड टॉवेलाच्या गुंडाळीत ठेवले, किंवा स्वच्छ अंगणात विखरून टाकले, तर नाकाने हुंगत शोधण्यात पंधरा मिनिटे जातात, आणि कुत्र्यास काम केल्याचे समाधान मिळते. कित्येकदा कुत्रा मागतो ते अन्न नसतेच. त्यास आपले लक्ष पाहिजे असते. अशा वेळी केसांवरून कंगवा फिरवावा, चेंडू टाकावा, पाच मिनिटे त्याच्याशी बोलावे. ह्या खाऊत उष्मांक नाहीत.

चालण्याविषयीही सांगितले पाहिजे. नुसत्या फिरण्याने वजन उतरेल, ही समजूत चुकीची आहे. मैलभर चालण्यात खर्च झालेली शक्ती एक-दोन बिस्किटे भरून काढतात. तथापि चालण्याने स्नायू टिकतात आणि सांधे मोकळे राहतात, म्हणून ते पाहिजेच. आरंभी दहा मिनिटे, मग आठवड्या-आठवड्याने थोडे थोडे अधिक. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी आणि दिवेलागणीनंतरच बाहेर काढावे. डांबरी रस्त्यास आपला तळहात लावून पाच सेकंद धरवत नसेल, तर त्यावर कुत्र्याचे पाय भाजतात हे समजावे. नामदेव कुत्र्याच्या मागे धावले, हे आपण कथेत ऐकतो; आपण मात्र तुपाची वाटी तेवढी उचलली आणि धावणे सोडून दिले!

शेवटी वेळेचा प्रश्न. आठवड्यास वजनाच्या शेकडा एक ते दोन ह्या प्रमाणात उतार पडावा. त्याहून वेगाने नको. ३६ किलोंच्या कुत्र्याचे म्हणजे आठवड्यास साडेतीनशे ते सातशे ग्रॅम. सहा किलो उतरावयास साधारण चार महिने धरावेत. देहूहून निघालेला वारकरी एका दिवसात पंढरपूर गाठत नाही. मुक्कामामागून मुक्काम करीत जातो, तसेच हे आहे. पूर्ण लंघन कुत्र्यास घडवू नये, आणि घरातील एकादशीस त्याच्या ताटलीत साबुदाण्याची खिचडीही घालू नये. दर पंधरा दिवसांनी, एकाच काट्यावर, सकाळी जेवणापूर्वी वजन करावे. लहान कुत्र्यास कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे आणि मग आपले वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्यासाठी ओळखीच्या धान्यदुकानातील पोती तोलण्याचा सपाट काटा उपयोगी पडतो. कारखान्यातील उसाच्या गाड्यांचा काटा मात्र ह्या कामास थोडा मोठा होईल! दोन खेपांस वजन हलले नाही, तर प्रथम घरातील डबी तपासावी, मग शेजाऱ्यांस विचारावे, आणि तरीही उलगडा न झाल्यास पशुवैद्यास विचारून शिधा थोडा घटवावा. योग्य वजन आल्यावर जुन्या मापाकडे परत जावयाचे नाही. वजन स्थिर राहील इतकाच शिधा हळूहळू वाढवावयाचा आणि मासिक वजन चालू ठेवावयाचे.

श्रोतेहो, आपल्याकडे जेवणापूर्वी गाईस, कावळ्यास व कुत्र्यास घास काढून ठेवण्याची पद्धत आहे. आपल्या पूर्वजांनी त्यास 'घास' म्हटले, 'ताट' म्हटले नाही. तो घास एक होता, ठरलेल्या वेळी होता, आणि घरातील एका माणसाच्या हातचा होता. आज मी सांगितलेले सर्व नियम त्या एका शब्दात आले आहेत. उद्या सकाळी चहाच्या वेळी आपला कुत्रा शेजारी येऊन बसेल, तेव्हा बिस्किटाच्या पुड्याकडे हात जाण्यापूर्वी तो त्याच्या बरगड्यांवरून एकदा फिरवावा, आणि बरगडी लागली नाही तर त्याच दिवशी तो कागद भिंतीवर लावावा. चार महिन्यांनी तोच कुत्रा आपणहून जिना चढून वर येईल. तेवढ्यासाठी थोडी कठोरता सोसण्यास घरातील मंडळींनी तयार व्हावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.